थांबू नका, अण्णा

तिसगावात बाजारतळाच्या मागच्या अंगाला हनुमंताचं घर आहे. घरापाठी थोडं रान, त्यात बाजरी आणि तूर, पाऊस धड झाला तर कांदा. नुसत्या रानावर घर चालत नाही म्हणून हनुमंत टेम्पो चालवतो. गावाकडचा माल नगरच्या मार्केटला पोचवायचा आणि येताना नागापूरच्या एमआयडीसीतून मिळेल ते भाडं घेऊन यायचं, असं त्याचं वर्षानुवर्षं चाललेलं. बायको राजेश्वरी रान आणि गाई बघते. थोरली मुलगी पंकजा, धाकटा पार्थ. ही हकिगत पार्थची.

दहावीपर्यंत पार्थची कुणाला काळजी वाटावी असं काही नव्हतं. अंगानं काटक, कबड्डीत चढाईला सगळ्यांत पुढं, गॅदरिंगला माईक त्याच्याच हातात. मार्क चांगले पडले म्हणून पाथर्डीच्या कॉलेजात सायन्सला नाव घातलं. सकाळच्या एसटीनं जायचं, दुपारी परत. गाडी कायम गच्च भरलेली, पण त्याचं त्याला काही नव्हतं. दारात लोंबकळायला उलट मजाच यायची.

श्रावणातल्या एका सकाळी, काही कारण नसताना, गाडीत उभ्या उभ्या त्याचं काळीज धडधडायला लागलं. आधी त्याला वाटलं, पळत येऊन गाडी धरली त्यामुळं असेल. पण धडधड काही थांबेना. हातांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, माणसांचे आवाज लांबून कुठून तरी आल्यासारखे यायला लागले. आपण आता मरणार, ह्याच गाडीत, ह्याच माणसांच्या पायांत, असं त्याला इतकं लख्ख कळलं की दोन्ही हातांनी वाट काढत तो दाराकडं घुसला. कंडक्टरनं बेल मारून गाडी थांबवली. रस्त्याकडेच्या बाभळीखाली त्याला बसवलं, एका बाईनं आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं. थोड्या वेळानं सगळं ओसरलं. गाडी पुढं गेली आणि पार्थ चालत घरी आला.

राजेश्वरीनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. गावातल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून सलाइन लावलं. त्यानंतर चार दिवस बरे गेले, आणि मग वर्गात तेच झालं. मग देवळात आरतीच्या गर्दीत. मग सूर्यभानच्या सलूनमध्ये. सूर्यभाननं गळ्याभोवती कपडा बांधला, गाठ मारली, आणि आता केस पुरे होईपर्यंत उठता यायचं नाही एवढा विचार मनात यायचा अवकाश, पार्थ कपड्यासकट रस्त्यावर. पोरं हसली. त्या दिवसापासून तो सलूनची गल्लीच टाळायला लागला. केस मानेवर आले तेव्हा राजेश्वरीनं ओट्यावर बसवून शिवणाच्या कात्रीनं कापले. वेडेवाकडे झाले, पण त्यानं आरशात पाहिलंच नाही.

हनुमंतानं नगरला नेऊन छातीची पट्टी काढली, रक्त तपासलं. सगळं नॉर्मल आलं. घरच्यांच्या जिवात जीव आला. पार्थ मात्र आणखीच धास्तावला. काही निघालं असतं तर त्याला नाव तरी असतं, त्यावर औषध तरी असतं. नॉर्मल माणसानं कुणाला काय सांगायचं?

पुढचं वर्षभर उपचारांचं चक्रच सुरू झालं. ताकदीची इंजेक्शनं झाली. राजेश्वरीच्या बहिणीनं कुठल्याशा बाबाकडं नेऊन दंडात दोरा बांधून आणला. मग पंकजाच्या सांगण्यावरून नगरच्या मनाच्या डॉक्टरांकडं गेले. पंकजा तेव्हा नगरला नर्सिंग शिकत होती, आणि हे बाहेरचं काही नाही, हा आजार आहे, एवढं घरात पहिल्यांदा तीच बोलली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पहिल्या आठवड्यात पार्थची धडधड उलट वाढली, मळमळ सुरू झाली. राजेश्वरीनं घाबरून गोळ्या बंद केल्या. दुसऱ्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी तो दिवसभर गुंगीत राहायचा, तोंडातून लाळ गळायची, आणि जाग आली की भीती तिथंच उशाला. तिथं एका समुपदेशकांनी श्वासाकडं लक्ष द्यायला शिकवलं, सावकाश घ्यायचा, सावकाश सोडायचा. पार्थनं मनापासून केलं. पण श्वासाकडं लक्ष गेलं की त्याला वाटायचं, हा आता अडकला तर? जे दुसऱ्यांना शांत करायचं, त्यानंच त्याचं काळीज उडायला लागायचं. मोबाईलवरचे व्हिडिओ तर त्यानं किती पाहिले याला गणतीच नाही. भीती कायमची घालवा, असं हसऱ्या चेहऱ्यानं सांगणारी माणसं. खाली हजारो लोकांनी लिहिलेलं असायचं, मला फरक पडला. मग आपल्यालाच का पडत नाही, या विचारानं तो आणखी खचायचा.

कॉलेज सुटलं. लोकांना सांगितलं, पित्ताचा त्रास आहे. चुलता रामहरी, जो अजून दरवर्षी कारखान्याला ऊसतोडीला जातो, त्यानं सरळ सांगितलं की एक हंगाम माझ्याबरोबर धाडा, कोयता हातात आला की असले नाद आपोआप सुटतील. त्याच्या मनात वाईट नव्हतं. त्याला खरंच तसं वाटत होतं. पार्थलाही कधी कधी वाटायचं की हा आपलाच नाजूकपणा असेल, आणि तो स्वतःला इतक्या शिव्या द्यायचा की रामहरीनं कधी दिल्या नसत्या.

तुरीच्या शेंगा भरल्या तेव्हाची गोष्ट. ऊन कलतं होतं. मायलेक रानात शेंगा खुडत होते. पार्थचे हात थांबले.

"आई, मला लई कटाळा आलाय."

"कशाचा रं?"

"ह्या समद्याचा. कायबी लागू व्हत न्हाई मला. आसं जगन्यापरीस..."

राजेश्वरीच्या हातातल्या शेंगा हातातच राहिल्या. ती रागावली नाही, असलं अभद्र बोलू नये म्हणाली नाही. टोपलं बाजूला सारून सरीतच त्याच्याजवळ बसली आणि म्हणाली, "आजून सांग."

मग तो बोलत राहिला. सकाळी डोळे उघडायच्या आधीच भीती कशी जागी असते, रात्र झाली की उद्याची कशी धास्ती वाटते, पंकजाचं लग्न निघालं तर आपण मांडवात कसे उभे राहणार, अण्णा म्हातारे झाले तर टेम्पो कोण चालवणार. राजेश्वरी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. उठताना एवढंच म्हणाली, "आसं मनात आलं की मला हाक मारायची. कवाबी. मी कामात आसले तरी मारायची."

हे तिनं हनुमंताच्या कानावर घातलं. हनुमंत मुळातच कमी बोलणारा. लहानपणी आईबापाच्या पाठी कारखान्याच्या फडावर वाढलेला, शाळा धड झाली नाही, बोलण्याची सवयच नाही. सकाळी त्यानं टेम्पोच्या काचेवरची धूळ पुसता पुसता पार्थला विचारलं, "मला क्लीनर पायजे. येतोस का?"

त्याला क्लीनरची गरज नव्हती हे पार्थला कळत होतं. आपल्याला एकटं सोडायचं नाही असं घरात ठरलंय, हेही कळलं. त्यानं चपला घातल्या आणि केबिनमध्ये जाऊन बसला.

ते दिवस त्याला अजून आठवतात. केबिनमध्ये डिझेलचा आणि अण्णांच्या तंबाखूचा वास. मागं कांद्याच्या गोण्या. रस्त्यात कधीही आतून लाट उठली की पार्थ नुसतं "अण्णा" म्हणायचा. हनुमंत काही विचारायचा नाही. साइड दाखवून गाडी कडेला घ्यायचा, खाली उतरायचा आणि टायरांना लाथा मारून बघत फिरायचा. मागून येणाऱ्या ओळखीच्या ड्रायव्हरनं विचारलं तर हवा कमी वाटतीय म्हणायचा. पोरामुळं गाडी थांबली असं त्यानं कधी कुणाला कळू दिलं नाही. पार्थ खाली उतरून दगडावर बसायचा. हनुमंतही मग जवळ येऊन टेकायचा, आणि थोड्या वेळानं पार्थ स्वतःच उठून केबिनमध्ये चढायचा.

सुरुवातीला त्याला वाटलं, हेच आपलं औषध. पण होता होता थांबे वाढायला लागले. आधी नगरपर्यंत एखाद्या वेळी थांबावं लागायचं, मग घाटाच्या आधी, मग घाट चढून गेल्यावर, मग मेहेकरीला, मग भिंगारच्या अलीकडं. माल उशिरा पोचू लागला. नागापूरच्या एका कारखान्याचं नेहमीचं भाडं दुसऱ्याला गेलं. मग एक दिवस करंजीच्या घाटाचा पायथा दिसल्यावरच पार्थनं दाराची कडी धरली. वर चढताना थांबायला जागा नाही, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, मागं गाड्यांची रांग. त्या दिवशी हनुमंतानं करंजीतूनच गाडी वळवून पार्थला घरी सोडलं आणि मग एकटा नगरला गेला. त्यानंतर पार्थ टेम्पोतही बसेना. आता त्याचं जग म्हणजे घर, गोठा आणि रान.

पंकजानं तरीही हट्ट सोडला नाही. नगरच्या एका दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई आहेत, त्या वेळ देऊन ऐकतात, असं तिनं कळवलं. आता आणखी एक डॉक्टर कशाला, असं पार्थच म्हणाला. राजेश्वरी म्हणाली, माझ्यासाठी चल. घाट पार करायचा म्हणून तो केबिनमध्ये आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवा झाला आणि सगळा रस्ता तोंडावर तिचा पदर ओढून घेऊन राहिला. सतरा वर्षांचं उंच पोर. पाय दारात दुमडलेले. राजेश्वरी घाटभर त्याच्या कानावर हात धरून होती.

डॉक्टरीणबाईंनी जुन्या गोळ्यांची पाकिटं पाहिली. कुठली किती दिवस घेतली ते विचारलं. राजेश्वरीनं खालमानेनं सगळं खरं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, पहिल्या गोळीला लागू पडायला वेळच मिळाला नव्हता, सुरुवातीचे दिवस असे जातात हे तुम्हाला कुणीतरी नीट सांगायला हवं होतं. दुसरी गोळी खरंच याच्या अंगाला मानवली नाही, तसंही होतं. आता अगदी थोड्या मात्रेनं सुरू करू, सावकाश वाढवू, आणि काहीही वाटलं तरी बंद न करता मला फोन करा. मग त्या पार्थकडं वळल्या.

"हीच गोळी लागू पडेल असं मी छातीठोक सांगत नाही. नाही पडली तर दुसरं बघू. आपल्याकडं करण्यासारखं अजून बरंच आहे."

इतक्या दिवसांत बरं होशीलच म्हणणारे पुष्कळ भेटले होते. मला खात्री नाही, पण मी सोडणार नाही, असं म्हणणारं पहिल्यांदाच कुणी भेटलं. पार्थला का कोण जाणे, त्याचाच आधार वाटला.

त्याच दवाखान्यात मोनिकाताई म्हणून समुपदेशक होत्या. त्यांनी आईवडलांनाही आत बसवून घेतलं आणि भीती आली की तुम्ही काय करता, असं विचारलं. दवाखान्यात कधी तोंड न उघडणारा हनुमंत चटकन बोलला.

"मी गाडी थांबवतो. लगीच. कुठंबी आसली तरी."

मोनिकाताईंनी सांभाळून बोलत समजावून सांगितलं. भीतीची लाट चढते तशी आपोआप उतरतेही, गाडी थांबली काय आणि चालू राहिली काय. पण प्रत्येक वेळी गाडी थांबली, आणि त्याच्या मनानं धरलं की थांबलो म्हणून वाचलो. न थांबताही आपण वाचतो, हे त्याच्या शरीराला बघायलाच मिळालं नाही. म्हणून थांबे वाढत गेले.

हनुमंताचा चेहरा उतरला. "म्हंजी येवढे दिस मीच त्याचं वाटोळं केलं व्हय?"

"नाही हो. तुम्ही नसता तर तो घराबाहेरच पडला नसता. पण इथून पुढं त्याची सोबत करायची आणि गाडी चालू ठेवायची. हे तुम्हालाच जास्त जड जाणार आहे."

हनुमंत उठून बाहेर गेला. खिडकीतून पार्थला दिसलं, अण्णा आवारात लावलेल्या टेम्पोभोवती उगाच फिरत होते. स्वतःच्या भीतीनं त्याला पुष्कळदा रडू आलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा वडलांसाठी आलं.

पहिले दोन-तीन आठवडे गोळीनं त्रास दिलाच. राजेश्वरी फोन करायची, डॉक्टरीणबाई धीर द्यायच्या, गोळी चालू राहायची. पुढं झोप सुधारली. भीती गेली नाही, पण तिची धार थोडी कमी झाली, आई म्हणते तशी तोंडात घास जाईल एवढी तरी. मोनिकाताईंनी लहान लहान कामं दिली. बाजारतळापर्यंत जाऊन यायचं. मग एसटी स्टँडवर बाकावर बसायचं, गाडीत चढायचं नाही, नुसतं बसायचं. मग परत टेम्पोत. धडधड व्हायला लागली तर तिला व्हायला द्यायचं. तिच्याशी भांडायचं नाही, तिच्यापासून पळायचं नाही.

टेम्पोत हनुमंताला काही जमेना. पार्थचा नुसता श्वास बदलला तरी त्याचा पाय ब्रेकवर जायचा. गाडी कडेला घेऊन झाल्यावर ओशाळून म्हणायचा, "सवय लागलीय रे." पार्थही उतरून बसायचा. दोघंही चुकत होते आणि दोघांनाही ते माहीत होतं.

मग उन्हाळ्याच्या तोंडाला कांद्याचं भाडं लागलं. पार्थ स्वतःहून म्हणाला, मी येतो. करंजी मागं पडली, घाट सुरू झाला. मागं माल भरपूर, गाडी पहिल्या गियरात रडत चढत होती. दुसऱ्या वळणाला लाट उठली. नेहमीपेक्षा मोठी. पार्थचे तळवे ओले झाले, नजरेपुढं काजवे चमकले.

"अण्णा," तो म्हणाला.

हनुमंतानं पुढं पाहिलं. वळणावर दगडी कठड्याशी एक गाडी कशीबशी मावेल एवढी जागा होती. त्यानं साइडचा दिवा लावला.

"थांबू नका, अण्णा."

"आरं पन..."

"थांबू नका. चालवा."

हनुमंतानं दिवा बंद केला. थोडं अंतर गेल्यावर त्यानं विचारलं, "बोलू का गप ऱ्हाऊ?"

"बोला. कायबी बोला."

आता बोलायचं काय? ज्या माणसाला जन्मात गप्पा मारायची सवय नाही, त्याला अशा वेळी काय सुचणार? हनुमंत समोर दिसेल ते मोठ्यानं वाचायला लागला. पुढच्या ट्रकच्या पाठीवरचं वाचलं. हॉर्न वाजवा. सावकाश जा. मामाचा आशीर्वाद. कड्यावर रंगवलेली सिमेंटची जाहिरात वाचली. ढाब्याची पाटी वाचली, शुद्ध शाकाहारी, वातानुकूलित, या शब्दाला तो दोनदा अडखळला. शाळा सुटलेला माणूस अक्षरं जुळवत घाट चढत होता आणि शेजारी त्याचं पोर दारावर डोकं टेकवून रडत होतं. वाचायला काही उरलं नाही तेव्हा ट्रकचा नंबर वाचला. तो परत वाचला.

घाटमाथा आला. वारा आत शिरला. पार्थच्या लक्षात आलं की छातीतली धडधड बरीच खाली आलीय. गाडी चालूच होती. कुणीही काहीही केलं नव्हतं आणि ती उतरली होती.

"गेली," तो म्हणाला.

हनुमंतानं मान डोलावली. गाडी मेहेकरीला आली. तिथं नेहमीच्या टपरीवर त्यानं गाडी थांबवली आणि लगेच खुलासा केला, "ही च्यासाठी थांबवलीय बरं का."

त्या दिवशी पार्थला वाटलं, आपण जिंकलो. पुढच्याच आठवड्यात घाटाच्या पायथ्याला त्यानं हात जोडून गाडी वळवायला लावली. त्यानंतर कधी जमायचं, कधी नाही. मोनिकाताईंना तो दर वेळी म्हणायचा, परत होतं तिथंच आलो. त्या विचारायच्या, मागच्या महिन्यात किती वेळा घाट चढलास? तो सांगायचा. मग त्या म्हणायच्या, चढलेला घाट कुणी परत घेत नाही.

सूर्यभानकडं जायला पावसाळा उजाडला. यावेळी त्यानं दारातच उभं राहून खरं सांगून टाकलं की मला मधेच भीती वाटते, कदाचित उठून पळावं लागेल. सूर्यभान वस्तरा पुसत म्हणाला, "मंग पळ की. मी काय दाराला कुलूप लावतोय?" आणि खरंच अर्धं डोकं झाल्यावर पार्थ उठला. गळ्यात कपडा, एका बाजूचे केस कापलेले, एका बाजूचे तसेच, अशा अवतारात तो सलूनबाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिला. सूर्यभाननं मधल्या वेळात दुसऱ्या गिऱ्हाइकाची दाढी केली आणि मग खिडकीतून विचारलं, "उरलेलं आज करू का उद्या?" पार्थला हसू आलं. कित्येक महिन्यांनी आलं. तो आत जाऊन बसला.

बारावीची परीक्षा त्यानं कॉलेजात पुन्हा नाव घालून, घरीच अभ्यास करून दिली. केंद्रावर सांगून दाराजवळचा बाक मिळवला. फिजिक्सच्या पेपरला लाट आली आणि तो अर्धा पेपर टाकून उठला. तेवढा विषय राहिला, तो पुढच्या खेपेला सुटला. सायन्सचं पुढं काही करायचं नाही हे त्याचं त्यानंच ठरवलं. आयटीआयला इलेक्ट्रिशियनला नाव घातलं. आता नागापूरच्या एका कारखान्यात शिकाऊ आहे. आठवडाभर तिथंच मित्राबरोबर खोली करून राहतो, सुट्टीला एसटीनं घरी येतो. गोळी चालू आहे, पण मात्रा उतरवत आणलीय. वाईट दिवस अजून येतात. मध्यंतरी वर्कशॉपमध्ये एकदम झालं, तेव्हा पाना हातात धरून तो पॅनेलसमोरच उभा राहिला आणि लाट जाऊ दिली. सुपरवायझरला वाटलं, विचार करतोय.

यंदा पंकजाचं लग्न झालं. मांडव दारातच घातला होता. सकाळपासून पार्थ पाहुण्यांना गंध लावत होता, पोरांना दटावत होता, पंगतीत बुंदीची बादली त्याच्याकडं होती. दुसऱ्या पंगतीला माणसं फार झाली. स्पीकर, वाढप्यांच्या हाका, उन्हानं तापलेलं कापड. बादली खाली ठेवून तो मांडवामागं पाण्याच्या टँकरच्या सावलीत जाऊन बसला.

त्याला शोधत रामहरी आला. "कुठं गेल्तास रं? तिकडं पंगत खोळंबलीय."

"घाबरल्यासारखं झालं काका. म्हनून बसलो जरा."

रामहरीनं त्याच्याकडं पाहिलं. पित्त नाही, थकवा नाही, पोरानं उघड उघड सांगितलं होतं. कोयत्याची गोष्ट काही त्यानं काढली नाही. टँकरच्या नळाखाली ओंजळ धरून पाणी घेतलं आणि पार्थच्या मानेवर सोडलं.

"बस मंग. मी वाढतो तवर."

"न्हाई. येतो मी बी."

दोघं परत मांडवात आले. पार्थनं बादली उचलली आणि पंगतीच्या टोकापासून वाढायला लागला. हात अजून थरथरत होता, त्यामुळं प्रत्येकाच्या पानात जरा जास्तच बुंदी पडत होती. शेजारची म्हातारी छबूबाई पानावर दोन्ही हात आडवे धरून म्हणाली, "पुरं रं बाबा. येवढी कशी खाऊ मी?"

"खा वं," पार्थ म्हणाला, आणि पुढच्या पानाकडं सरकला.